अवघड उडी मारणारी हरली कशी?

फिगर स्केटिंग पहिल्यांदाच पाहणाऱ्याला एक गोष्ट लगेच कळते, ती म्हणजे कोण पडलं. पण कुणीच पडलं नाही तर? दोन मुली एकामागून एक बर्फावर येतात, दोघी हवेत भिरभिरतात, दोघी न धडपडता उतरतात, आणि फलकावर एकीला दुसरीपेक्षा कितीतरी जास्त गुण झळकतात. टीव्हीसमोर बसलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: हे गुण देतात तरी कशावरून?

हा प्रश्न फार ठळकपणे पुढे आला तो फेब्रुवारी २०१० मध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये. जपानची माओ असादा आणि दक्षिण कोरियाची युना किम आमनेसामने होत्या. दोघी १९ वर्षांच्या, दोघींचा जन्म सप्टेंबर १९९० चा, अवघ्या वीस दिवसांच्या अंतराने. माओने त्या स्पर्धेत तीन वेळा ट्रिपल ॲक्सेल ही उडी मारली. स्त्रियांमध्ये ही उडी जमणाऱ्या तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. युनाने ती एकदाही मारली नाही. तरीही युना जिंकली, आणि थोड्याथोडक्या नव्हे, २३.०६ गुणांनी जिंकली.

असं कसं झालं, हे समजून घ्यायचं तर आधी बुटाखालच्या पात्यापासून सुरुवात करावी लागते.

१. पातं आणि धार

स्केटिंगच्या बुटाखालचं पोलादी पातं जेमतेम चार मिलिमीटर जाड असतं. त्याच्या तळाशी लांबीभर एक उथळ पन्हळ कोरलेली असते. त्यामुळे एकाच पात्याला दोन धारा मिळतात, एक पायाच्या आतल्या बाजूची आणि एक बाहेरच्या बाजूची. चांगली स्केटर सपाट पात्यावर घसरत नाही. ती शरीर एका अंगाला झुकवते आणि एकाच धारेवर भार देते, म्हणून बर्फावर तिची रेष सरळ न उमटता कमानदार उमटते. पात्याच्या पुढच्या टोकाला दाते असतात. काही उड्या घेताना ते बर्फात रोवले जातात.

पुढचं सगळं या धारांवर उभं आहे. कोणत्या धारेवरून उडी घेतली यावर उडीचं नाव ठरतं, आणि नावावर तिची किंमत.

२. सहा उड्या

या खेळात मुख्य उड्या सहा. टो लूप, साल्काव, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सेल. यांतल्या तीन नावांमागे माणसं आहेत: स्वीडनचे उलरिख साल्काव, ऑस्ट्रियाचे अलॉइस लुट्झ आणि नॉर्वेचे ॲक्सेल पॉल्सन. उतरण्याची रीत सहाही उड्यांची एकच आहे. एका पायावर, बाहेरच्या धारेवर, पाठमोरं घसरत उतरायचं. फरक आहे तो उडी घेण्याच्या रीतीत.

फ्लिप आणि लुट्झ शेजारी ठेवून पाहिल्या तर हा फरक चटकन कळतो. दोन्ही उड्या पाठमोऱ्या घेतात, दोन्हींत दुसऱ्या पायाचे दाते बर्फात रोवतात. पण फ्लिप आतल्या धारेवरून घेतात आणि लुट्झ बाहेरच्या. लुट्झला येताना शरीर एका बाजूला वळत असतं आणि हवेत फिरायचं असतं उलट बाजूला. शरीर या उलटसुलट ओढीला कंटाळतं आणि उडी घेण्याच्या शेवटच्या क्षणी पाय गुपचूप आतल्या धारेवर कलंडतो. प्रेक्षकाला लुट्झ दिसते, परीक्षकाला मात्र ती चुकलेली लुट्झ असते. मोठमोठ्या खेळाडूंना या चुकीने वर्षानुवर्षं सतावलं आहे, आणि माओ त्यांतलीच एक.

ॲक्सेल या सगळ्यांत वेगळी. ती एकटीच समोर तोंड करून घेतात. पण उतरायचं पाठमोरंच, म्हणून अर्धा फेरा जास्त पडतो. ट्रिपल ॲक्सेल म्हणजे हवेत साडेतीन फेरे, आणि ते एक सेकंद पुरा होण्याच्या खूप आधी. १९८८ मध्ये जपानच्या मिदोरी इतोने स्पर्धेत ही उडी पहिल्यांदा साधली, तेव्हापासून ती स्त्रियांच्या स्केटिंगमधलं मोठं स्वप्न होऊन बसली. माओने ते स्वप्न लहानपणीच उराशी धरलं होतं.

३. सार्वजनिक रिंकवरची मुलगी

युनाचा जन्म बुचॉनचा, बालपण सोलच्या दक्षिणेला असलेल्या गुन्पो शहरातलं. पाच-सहा वर्षांची असताना ती पहिल्यांदा बर्फावर उतरली. कोरियाला तोवर बर्फावरच्या खेळात मान होता तो शॉर्ट ट्रॅक शर्यतींमुळे. फिगर स्केटिंगचं ऑलिम्पिक पदक देशाकडे एकही नव्हतं, आणि या खेळासाठी राखून ठेवलेली रिंक जवळपास मिळतच नसे. हौशी लोकांची गर्दी ओसरल्यावर, रात्री उशिरा किंवा पहाटे, जो वेळ मिळेल तो सरावाचा.

१९९८ मध्ये जपानच्या नागानो शहरात हिवाळी ऑलिम्पिक झालं. त्यात अमेरिकेच्या मिशेल क्वॉनला पाहून या मुलीला वेड लागलं. क्वॉनला तिथे सुवर्ण मिळालं नाही, रौप्य मिळालं. पण युनाला भावली तिची हालचाल, आणि मला वाटतं पुढच्या सगळ्या गोष्टीची दिशा तिथेच ठरली. पदक कुणाचं यापेक्षा स्केटिंग कसं आहे, याकडे त्या मुलीचं लक्ष होतं.

आई पार्क मी-ही हिने मुलीचा खेळ हेच आपलं पूर्णवेळ काम मानलं. रिंकवर नेणं, सराव संपेपर्यंत काठाशी उभं राहणं, दुखापतींकडे पाहणं, पैशांची जुळवाजुळव, सगळं तिच्याकडे. २००२ मध्ये स्लोव्हेनियातल्या ट्रिग्लाव्ह करंडकात नवोदितांच्या गटात युना पहिली आली. २००३ मध्ये वयाच्या बाराव्या वर्षी ती कोरियाची राष्ट्रीय विजेती झाली, तोवरची सर्वांत लहान. २००४ मध्ये बुडापेस्टला ज्युनिअर ग्रां प्रीची फेरी जिंकली. अशी फेरी जिंकणारी ती पहिली कोरियन.

याच काळात बुटांनी तिचा छळ मांडला. उड्यांचे धक्के सोसून टणक बूट मऊ पडतात, घोट्याचा आधार जातो, आणि नवा बूट पायात नीट बसेपर्यंत उडी हुकत राहते. मनासारखा बूट मिळेना. वाढत्या वयाचा पाय, दर थोड्या दिवसांनी नवा जोड, खर्च आणि वेदना. खेळ सोडून द्यावा इथपर्यंत तिचा विचार गेला होता. टीव्हीवर तीन-चार मिनिटांचं सौंदर्य दिसतं. त्याच्या तळाशी असा चामड्याचा आणि टाचेच्या जखमांचा हिशेब असतो, आणि या खेळातल्या कितीतरी मुली तिथेच थांबतात.

४. दोन महिने

२००५ च्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत माओ पहिली, युना दुसरी. २००६ मध्ये उलट झालं, युना पहिली आणि माओ दुसरी. मग २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये या दोघी का नव्हत्या?

कारण वयाचा नियम. ऑलिम्पिकच्या आधीच्या १ जुलैपर्यंत वयाची पंधरा वर्षं पूर्ण हवीत, असा तेव्हा दंडक होता. म्हणजे १ जुलै २००५. युनाची पंधरा वर्षं भरली ५ सप्टेंबरला. दोन महिन्यांनी संधी हुकली आणि पुढच्या ऑलिम्पिकसाठी चार वर्षं थांबावं लागलं. माओचंही तेच झालं.

हा नियम आता आणखी कडक झाला आहे. बीजिंगच्या २०२२ च्या ऑलिम्पिकमध्ये पंधरा वर्षांच्या रशियन स्केटर कमिला वालियेवाचं उत्तेजक द्रव्याचं प्रकरण गाजलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटासाठीची वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने सतरावर नेली. हलक्या, लहान शरीराला हवेत फिरणं सोपं जातं, म्हणून मुलींवर फार लवकर फार भार टाकला जात होता. नियम उशिरा आला, पण योग्य आला. युनाच्या बाबतीत तर त्या सक्तीच्या चार वर्षांनी तिचं स्केटिंग घडवलं असंच म्हणायला हवं.

५. गुण देण्याची नवी रीत

पूर्वी परीक्षक सहापैकी गुण देत. ६.० म्हणजे परिपूर्ण. पण ५.८ आणि ५.९ यांत फरक नेमका कशाचा, ते कुणालाच सांगता येत नसे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये जोडी स्केटिंगच्या निकालावरून मोठं वादळ उठलं. एका परीक्षकावर दबाव आल्याची कबुली आणि मग माघार, असं सगळं झालं आणि अखेर दोन जोड्यांना सुवर्णपदकं द्यावी लागली. त्यानंतर जुनी रीत मोडीत निघाली. २००४ मध्ये नवी पद्धत आली, तीच थोड्याफार बदलांनी आज चालू आहे.

नव्या पद्धतीत प्रत्येक उडीला, गिरकीला ठरलेली मूळ किंमत असते. अवघड गोष्टीची जास्त, सोपीची कमी. त्यानंतर परीक्षक ती गोष्ट कशी वठली ते पाहून किंमत वाढवतात किंवा घटवतात. पुरणपोळी करणं साध्या पोळीहून अवघड, म्हणून तिला मुळातच जास्त गुण. पण लाटताना फुटून पुरण तव्यावर आलं तर गुण कापणार, आणि कडेपर्यंत पुरण पोचलेली, लुसलुशीत उतरली तर वर आणखी मिळणार.

व्हँकुव्हरच्या वेळी ही वाढ-घट उणे तीन ते अधिक तीन अशा श्रेणीत देत. आता ती उणे पाच ते अधिक पाच आहे. उडीत शिरतानाचा वेग, उंची, कापलेलं अंतर, उतरल्यावर वेग टिकला की संपला, हे सगळं त्यात पाहतात. फेरे अपुरे पडले किंवा धार चुकली का, हे तपासायला वेगळं तांत्रिक मंडळ असतं आणि ते चित्रफीत पुन्हा लावून पाहतं.

तिसरा भाग सादरीकरणाचा. स्केटिंगचं कौशल्य, रचना, संगीताशी जुळणं यांचे वेगळे गुण मिळतात. तांत्रिक गुण आणि हे गुण मिळून एका फेरीची बेरीज होते. एकट्या स्केटरच्या स्पर्धेत फेऱ्या दोन, एक छोटी आणि एक मोठी.

६. टोरोंटो

२००६ मध्ये युना कॅनडातल्या टोरोंटोला गेली. तिथल्या क्लबचं नाव वाचून आपल्या वाचकाला गंमत वाटेल: टोरोंटो क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लब. प्रशिक्षक ब्रायन ऑर्सर. १९८४ आणि १९८८, अशा दोन ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकलेले, १९८८ मध्ये तर सुवर्ण अगदी थोडक्यात हुकलेले. प्रशिक्षक म्हणून मात्र ते नवखे होते. नृत्यरचना करायला डेव्हिड विल्सन होते. ही मुलगी बर्फावर खूश दिसत नाही, हे दोघांच्या लगेच लक्षात आलं. विल्सन यांनी पहिलं काम काय मनावर घेतलं, तर तिला हसवायचं.

उड्या तिच्याकडे होत्याच. लुट्झ तर पाठ्यपुस्तकात छापावी अशी. पाठमोरी लांब कमान, बाहेरच्या धारेवर शेवटपर्यंत भार, आणि वेग न मोडता उडी. बहुतेक स्केटर अवघड उडीआधी वेग कमी करतात, सावरतात, मग उडतात. युना वेगातच उडीत शिरायची, त्यामुळे उडी उंच होतीच, पण बर्फावरून आडवी लांबही जायची. उतरल्यावर ती ज्या वेगाने बाहेर पडे तो पाहण्यासारखा आहे. यूट्यूबवर तिची कोणतीही ट्रिपल लुट्झ–ट्रिपल टो लूप जोडी, म्हणजे एका उडीला लगेच जोडलेली दुसरी उडी, लावावी आणि आवाज बंद करून फक्त पाय पाहावेत.

शरीराने मात्र साथ दिली नाही. २००७ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत छोट्या फेरीत तिने ७१.९५ गुणांचा विश्वविक्रम केला आणि मोठ्या फेरीत दुखऱ्या पाठीने दोनदा पडली. कांस्य. २००८ मध्ये कमरेच्या सांध्याची दुखापत घेऊन गोथेनबर्गला पुन्हा कांस्य. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला अखेर सगळं जुळून आलं. एकूण २०७.७१ गुण. दोनशेचा आकडा ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली.

तिला ट्रिपल लूप ही उडी कधीच विश्वासाने जमली नाही. ऑर्सर यांनी त्या उडीच्या मागे धावण्याऐवजी ती कार्यक्रमातून काढून टाकली. व्हँकुव्हरच्या मोठ्या फेरीत युनाच्या सात उड्या आणि जोड्या होत्या, लूपचे तीन फेरे त्यांत कुठेच नव्हते. जे येतं ते कळसाला न्यायचं आणि जे येत नाही त्यावर मुलीचं शरीर झिजवायचं नाही, हा निर्णय मला त्या सुवर्णपदकामागचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

७. व्हँकुव्हरचा हिशेब

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. आकडे हातात घेऊन पाहू.

छोट्या फेरीत दोघींची मुख्य जोडी अशी होती. माओची ट्रिपल ॲक्सेल आणि तिला जोडून डबल टो लूप. त्या वेळच्या तक्त्यात ट्रिपल ॲक्सेलचे ८.२ आणि डबल टो लूपचे १.३, म्हणजे ९.५. युनाची ट्रिपल लुट्झ आणि लगेच ट्रिपल टो लूप. लुट्झचे ६.०, टो लूपचे ४.०, मिळून १०.०. म्हणजे जगातली दुर्मीळ उडी असूनही माओची जोडी मूळ किमतीतच अर्ध्या गुणाने मागे! साडेतीन फेऱ्यांनंतर तिने दोन फेरे जोडले, तर युनाने तिनानंतर पुन्हा तीन. युनाला गुणवत्तेचे वर आणखी दोन गुण मिळाले, झाले १२.

माओ युनाच्या लगेच आधी बर्फावर आली होती आणि उत्तम खेळली होती. ७३.७८. युनाने जेम्स बाँडच्या संगीतावर ७८.५० घेतले. फरक पाचाच्याही आत. खेळ अजून उघडा होता.

मोठी फेरी २५ फेब्रुवारीला. या वेळी युना आधी. गर्शविनचं पियानो संगीत, निळा पोशाख, आणि पहिल्याच लुट्झ–टो लूपपासून शेवटपर्यंत एकही चूक नाही. संपल्यावर ती रडली. एरवी स्पर्धेनंतर तिचा चेहरा शांतच असे, त्या दिवशी बांध फुटला. गुण १५०.०६. तांत्रिक ७८.३०, सादरीकरणाचे ७१.७६.

मग माओ. रॅकमनिनॉफचं गंभीर संगीत, आणि सुरुवातीलाच दोन ट्रिपल ॲक्सेल, दोन्ही साधलेल्या. एकाच स्पर्धेत तीन! पण उत्तरार्धात दोन ठिकाणी उड्या बिघडल्या. तिचे तांत्रिक गुण ६४.६८, सादरीकरणाचे ६७.०४, एकूण १३१.७२.

वजाबाकी करून पाहावी. मोठ्या फेरीतला फरक १८.३४. त्यातले १३.६२ तांत्रिक आणि केवळ ४.७२ सादरीकरणाचे. ‘कोरियन मुलगी दिसायला मोहक होती म्हणून जिंकली’ हे तेव्हा बरंच ऐकू आलं. आकडे तसं म्हणत नाहीत. फरकाचा मोठा वाटा उड्यांमधूनच आला, त्या कशा मारल्या यातून आला. एकूण २२८.५६ हा तेव्हाचा विश्वविक्रम होता आणि कोरियाचं फिगर स्केटिंगमधलं हे पहिलं ऑलिम्पिक पदक होतं.

माओवर अन्याय होऊ नये म्हणून पुढचंही सांगायला हवं. व्हँकुव्हरनंतर तिने स्वतःच्या उड्या पायापासून नव्याने बांधायला घेतल्या. रौप्यपदक हातात असताना, विसाव्या वर्षी, अशी मोडतोड करायला फार धैर्य लागतं. २०१४ च्या सोचीत छोट्या फेरीत ती कोसळून सोळावी गेली, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या फेरीत १४२.७१ गुण घेत थेट सहाव्या जागी आली. पदक नाही, पण ती चार मिनिटं पाहिलेले लोक अजून विसरलेले नाहीत.

८. सोची आणि तीन जागा

सोचीला युनाही होती. तिच्या दोन्ही फेऱ्या स्वच्छ झाल्या आणि एकूण २१९.११ गुण मिळाले. सुवर्ण मात्र रशियाच्या अदेलिना सोत्निकोवाला, २२४.५९ गुणांनी. तिच्या मोठ्या फेरीत सात ट्रिपल होत्या, युनाच्या सहा. चार वर्षांपूर्वी जो हिशेब युनाच्या बाजूने होता, तो या वेळी काही अंशी उलटला. यजमान देशाच्या खेळाडूला गुणवत्तेचे गुण सढळ हाताने दिले गेले, असा आक्षेप घेतला गेला. परीक्षक मंडळाच्या निवडीबद्दल कोरियाने तक्रार केली. ती फेटाळली गेली आणि वाद आजही मिटलेला नाही. मूळ किंमत तक्त्यात छापलेली असते, वाढ-घट मात्र शेवटी माणसंच ठरवतात. नव्या पद्धतीची ही नाजूक जागा मान्य केल्याशिवाय सोचीबद्दल बोलता येत नाही.

त्या सोचीतली एक गोष्ट पदकाच्या गदारोळात मागे पडली. कोणत्या देशाचे किती स्केटर ऑलिम्पिकला जाणार, ते आधीच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतल्या क्रमांकांवर ठरतं. २०१३ मध्ये कॅनडातल्या लंडन शहरात झालेल्या जागतिक स्पर्धेत स्त्रियांमध्ये कोरियाकडून एकटी युना उतरली होती. जवळपास दोन वर्षं स्पर्धेपासून दूर राहून परतलेली. ती २१८.३१ गुणांनी जिंकली आणि एकटीच्या बळावर देशाला तीन जागा मिळाल्या. म्हणून सोचीच्या बर्फावर तिच्याबरोबर पार्क सो-यून आणि किम हे-जिन या दोन शाळकरी मुलीही होत्या. दोघी १९९७ साली जन्मलेल्या, युनाला पाहत मोठ्या झालेल्या.

कोरियात अशा मुलींना ‘युना किड्स’ म्हणतात. त्यांतली यू यंग व्हँकुव्हरमधली युना पाहून स्केटिंगकडे वळली. जानेवारी २०१६ मध्ये तिने अकराव्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि युनाचा बाराव्या वर्षीचा विक्रम मोडला. २०२० मध्ये सोलला झालेल्या चार खंडांच्या स्पर्धेत ती दुसरी आली, तेव्हा मोठ्या फेरीत तिने ट्रिपल ॲक्सेल मारली होती.